शेअर केलेला फोल्डर सारखा ‘हरवतो’? तपासणी या क्रमाने करा

मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असले की दुपारी माझा फोन हमखास वाजतो. “बाहेरच्या मशीनवरचा झेड ड्राइव्ह गेला. पट्ट्या अडकल्यात, लवकर या.” पलीकडे दिवाणजी असतात. त्यांच्यासमोर माल विकून पट्टीची (विक्रीच्या हिशेबाच्या कागदाची) वाट बघणारे शेतकरी बसलेले असतात, आणि त्यांना गावाकडची एसटी गाठायची असते. झेड ड्राइव्ह म्हणून बाहेर जोडलेला हिशेबाचा फोल्डर आतल्या खोलीतल्या मुख्य कॉम्प्युटरवर जसाच्या तसा असतो. फक्त बाहेरच्या काउंटरला तो सापडत नसतो.

हाच बिघाड मी सांगलीतल्या अडत दुकानांत, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात, विश्रामबागेतल्या सीए लोकांकडे आणि मिरजेतल्या दवाखान्यांत इतक्या वेळा काढलाय की तपासणीचा क्रम आता हाताला बसलाय. तो इथे मांडतोय, कारण बहुतेक वेळा पहिल्या चार-पाच गोष्टींतच काम होतं आणि त्यासाठी कुणाची वाट बघत बसायची गरज नसते. सगळं विंडोज १० आणि ११ गृहीत धरून लिहिलंय.

लक्षण नेमकं कोणतं?

“नेटवर्क गेलं” हे लक्षण नाही. स्क्रीनवर काय आलंय ते वाचा आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारण अशा असतात:

– फाइल एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’ भागात मुख्य कॉम्प्युटर दिसतच नाही.
– ‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ असा संदेश येतो आणि एरर कोडच्या शेवटी ८००७००३५ असतं.
– नाव आणि पासवर्ड मागतो, बरोबर दिला तरी पुन्हा तीच खिडकी येते.
– फोल्डर दिसतो, पण ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतो. किंवा उघडतो, पण नवीन नोंद साठवू देत नाही.
– सकाळी चालतं, जेवणाच्या सुट्टीनंतर बंद.
– नवा कॉम्प्युटर आणला तेव्हापासून जुन्या स्टोरेज बॉक्समधलं (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यातलं) काही उघडत नाही.

यातल्या पहिल्या लक्षणाने लोकांचा सगळ्यात जास्त वेळ खाल्लाय, म्हणून ते आधी सांगतो. कॉम्प्युटर ‘दिसणं’ आणि त्यातला फोल्डर ‘उघडणं’ ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती दोन वेगळे प्रोटोकॉल, म्हणजे मशीनच्या आपसात बोलायच्या पद्धती, करतात. फायली देण्याघेण्याचं काम एसएमबी करतो. यादीत नावं दाखवण्याचं काम वेगळ्या शोध-सेवा करतात. यादी रिकामी असूनही फोल्डर व्यवस्थित उघडू शकतो. तेव्हा यादी रिकामी दिसली म्हणून विंडोज नव्याने टाकायला निघू नका. मी अशी नव्याने टाकलेली विंडोज पाहिली आहेत आणि त्यानंतरही यादी रिकामीच होती.

१. मुख्य कॉम्प्युटर जागा आहे का?

फुकट आणि अर्ध्या मिनिटाची तपासणी. ज्या मशीनवर डेटा आहे त्याच्याजवळ जा आणि माउस हलवा. पडदा काळा असेल तर दोन शक्यता: नुसता मॉनिटर बंद झालाय, किंवा अख्खं मशीन झोपलंय. झोपलेलं मशीन नेटवर्कवर कुणालाच उत्तर देत नाही. ‘जेवणानंतर बंद’ या तक्रारीचं मूळ जवळजवळ नेहमी इथेच सापडतं. मालक एक वाजता घरी जातात, त्यांच्या खोलीतलं मशीन अर्ध्या तासाने झोपतं आणि बाहेर पट्ट्या थांबतात.

सेटिंग्जमधल्या पॉवर भागात जाऊन ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ करा. मॉनिटर बंद झाला तरी हरकत नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण असते, तीही काढा. मशीन जागं असूनही कार्ड झोपलं तर बाहेरून लक्षण अगदी तेच दिसतं.

२. केबल, स्विच आणि त्याची वीज

केबल जिथे मशीनला जोडली आहे तिथला दिवा बघा, मग स्विचवरचा (सगळ्या मशीनच्या केबली जिथे एकत्र येतात त्या छोट्या डब्यावरचा) त्याच केबलचा दिवा. दोन्ही बंद असतील तर केबल, तिचं टोक किंवा स्विचचं पोर्ट यापैकी काहीतरी गेलंय. चालू असलेल्या मशीनची केबल काढून इथे लावा. त्या केबलने दिवा लागला तर दोष तुमच्या केबलचा किंवा स्विचवरच्या तिच्या पोर्टाचा. गोदामातून गेलेल्या केबली उंदीर कुरतडतात, पत्र्याखालच्या उन्हाने कडक होऊन तडकतात. यार्डात ही रोजची गोष्ट आहे.

दिवा लागतो पण काम फार हळू चालतं, असंही होतं. केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांपैकी एखादी तार तुटली की बहुतेक वेळा जोडणी गिगाबिटवरून १०० वर उतरते, बंद पडत नाही. त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही, फक्त “आजकाल सॉफ्टवेअर लई हळू चालतंय” अशी तक्रार येते.

आता स्विचची वीज. दुकानातले कॉम्प्युटर यूपीएसवर असतात, पण त्यांना जोडणारा छोटा स्विच थेट भिंतीच्या प्लगवर असतो. लाइट गेली की दोन्ही मशीन चालू राहतात आणि मधला दुवा तुटतो. नोंद साठवत असताना असं झालं तर फाइल अर्धवट लिहिली जाते, आणि मग प्रश्न फोल्डर सापडण्याचा राहत नाही, डेटा वाचवण्याचा होतो. स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या. एका एक्स्टेन्शन बोर्डाचा खर्च आहे. या अख्ख्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

३. दोन्ही मशीन एकाच जाळ्यात आहेत का?

स्टार्टमध्ये सीएमडी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा, दोन्ही मशीनवर. आयपीव्ही४ समोरचा पत्ता कागदावर लिहा. एकीकडे १९२.१६८.१.१० आणि दुसरीकडे १९२.१६८.१.२५ असेल तर ठीक. पहिले तीन आकडे सारखे हवेत, शेवटचा वेगळा. एकाचा १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० असेल, तर ती मशीन दोन वेगळ्या वाड्यांत राहतात. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या मशीनला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक घेतलाय. तेव्हा पुन्हा दुसऱ्या पायरीवर जा.

दोन वाडे कसे होतात? दुकानात फायबरवाल्यांचा एक बॉक्स असतो आणि वाय-फाय पोचावं म्हणून कुणीतरी दुसरा राउटर लावलेला असतो. त्या दुसऱ्या राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टात केबल गेली की तो स्वतःचं वेगळं जाळं तयार करतो. लॅन (आतल्या मशीनच्या) पोर्टात घालून त्याचं पत्ते वाटणं बंद केलं की सगळे एका जाळ्यात येतात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर गणपती पेठेत मी हेच जास्त केलं. पाणी चढायच्या आत लोकांनी मशीन वरच्या मजल्यावर नेली, पाणी ओसरल्यावर परत जोडली आणि केबल जिथे बसली तिथे घातली. इंटरनेट दोन्हीकडे चालायचं, म्हणून जोडणीवर कुणाचाच संशय जात नव्हता. २०२१ ला पुन्हा तेच. त्यानंतर मी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबराच्या पट्ट्या लावायला सुरुवात केली.

लॅपटॉप ‘गेस्ट’ वाय-फायवर असेल तरी तो आतल्या मशीनपर्यंत पोचणार नाही. गेस्ट वाय-फाय त्यासाठीच असतं.

४. नाव सोडा, थेट पत्त्याने हाक मारा

सगळ्यात जास्त उलगडा करणारी तपासणी हीच. काउंटरच्या मशीनवर विंडोजची कळ आणि आर दाबा, दोन उलट्या तिरक्या रेघा आणि मुख्य मशीनचा पत्ता टाका: \\१९२.१६८.१.१० असं, अर्थात इंग्रजी आकड्यांत.

फोल्डर उघडले? मग केबल, फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारा), पासवर्ड, परवानग्या सगळं बरोबर आहे. दोष फक्त नाव सापडण्याचा आहे. पूर्वी ही नावांची यादी एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर चालणारी जुनी सेवा तयार करायची. ती आवृत्ती विंडोजमध्ये आपोआप येणं बंद झालं तशी यादीही गेली. आता ते काम दुसरी सेवा करते. मुख्य मशीनवर सर्व्हिसेसमध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ शोधा आणि ती ‘ऑटोमॅटिक’ करून सुरू करा. बऱ्याचदा तेवढ्याने नाव परत दिसतं.

पण मी तरीही झेड ड्राइव्ह पत्त्यानेच जोडतो. नावाची यादी ही सोय आहे, धंदा तिच्यावर टांगू नये. त्यासाठी पत्ता बदलता कामा नये. राउटरमध्ये मुख्य मशीनच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या नंबराला) एक पत्ता राखून ठेवता येतो, तो ठेवा. नुसता आज मिळालेला पत्ता वापरलात तर एखाद्या लाइट गेल्यानंतरच्या सकाळी राउटर तो दुसऱ्याच मोबाईलला देईल आणि तुम्ही पुन्हा इथेच याल. फायबरचा बॉक्स बदलला तर अख्खी मालिकाच बदलू शकते, तेव्हा बॉक्स बदलायला माणूस आला की जुने आकडे आधी लिहून घ्या.

पत्त्यानेही उघडलं नाही, तर पुढे चला.

५. विंडोज या जाळ्याला परकं समजतेय का?

मुख्य मशीनवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट किंवा वाय-फाय. तिथे ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ असे दोन पर्याय आहेत. पब्लिक म्हणजे बसस्टँडवरचं वाय-फाय: विंडोज सगळी दारं लावून घेते. प्रायव्हेट म्हणजे आपलं दुकान. ‘प्रायव्हेट’ निवडा आणि शेअरिंगच्या पानावर प्रायव्हेटखाली ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू आहे ना ते बघा.

हा बिघाड पुन्हा पुन्हा का येतो, याचं उत्तर इथे आहे. राउटर बदलला की विंडोजला ते नवं, अनोळखी जाळं वाटतं आणि ती परत ‘पब्लिक’वर जाते. म्हणून बॉक्स बदलून गेल्यावर दुसऱ्या दिवशी फोन येतो. इंटरनेट तर सुरळीत असतं, त्यामुळे बॉक्सवर कुणी शंका घेत नाही.

दार उघडं आहे का हे थेट बघायचं असेल तर काउंटरच्या मशीनवर पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा मुख्य मशीनचा पत्ता आणि ४४५ हे पोर्ट (इथे पोर्ट म्हणजे मशीनच्या दाराचा नंबर) देऊन चालवा. एसएमबी टीसीपीच्या ४४५ वर चालतो. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर दार उघडं. नुसत्या पिंगवर (मशीन उत्तर देतंय का ते विचारणाऱ्या आज्ञेवर) विसंबू नका, कारण फायरवॉल पिंग अडवून ४४५ उघडं ठेवू शकते आणि याच्या उलटही.

वेगळा अँटीव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते आणि ती विंडोजच्या सेटिंगला विचारत नाही. राउटरला येणारी इंटरनेटची केबल काढून ही फायरवॉल दोन मिनिटं बंद करून बघा. फोल्डर उघडला तर तिच्यात आपल्या जाळ्याला परवानगी द्या आणि ती परत चालू करा. फायरवॉल कायमची बंद ठेवून गेलेले दुरुस्तीवाले मी पाहिलेत. त्या दिवशी काम होतं खरं, पण दुकानाचं दार काढून ठेवून कुलपाची कटकट मिटवण्यासारखं ते आहे.

६. पासवर्ड

इथे तीन गोष्टी लोकांना माहीत नसतात आणि तिन्हींमुळे ‘बरोबर पासवर्ड दिला तरी घेत नाही’ होतं.

पहिली: ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याने नेटवर्कवरून आत जाता येत नाही. विंडोज असं खातं फक्त त्या मशीनसमोर बसलेल्या माणसाला वापरू देते. दुसरी: चार आकडी पिन हा पासवर्ड नाही. पिन त्या एका मशीनपुरता असतो, दुसऱ्या मशीनवरून तो चालत नाही. मालक रोज पिन टाकतात, त्यामुळे खरा पासवर्ड त्यांना आठवतही नसतो. तिसरी: काउंटरच्या मशीनने जुना पासवर्ड लक्षात ठेवलेला असतो आणि तोच पुढे करत राहतो. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये त्या पत्त्याची आणि त्या नावाची जी नोंद असेल ती काढा, मशीन एकदा रीस्टार्ट करा आणि मग नव्याने पासवर्ड द्या.

माझी पद्धत अशी: मुख्य मशीनवर काउंटरसाठी वेगळं लोकल खातं उघडायचं, त्याला बरा पासवर्ड द्यायचा आणि फोल्डर त्या खात्याला द्यायचा. मालकांनी आपला पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी काउंटरला धक्का लागत नाही. नाव देताना आधी मुख्य मशीनचं नाव, उलटी तिरकी रेघ, मग खात्याचं नाव असं लिहा, नाहीतर विंडोज ते खातं काउंटरच्याच मशीनवर शोधू शकते.

७. परवानग्या

फोल्डरला दोन कुलपं असतात: एक शेअरिंगचं, एक डिस्कवरच्या फायलींचं. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही उघडावी लागतात आणि दोन्हींपैकी जे जास्त कडक तेच लागू होतं. शेअरिंगमध्ये बदलाची परवानगी दिली, पण ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये फक्त वाचायची ठेवली, तर नोंद दिसेल पण साठवता येणार नाही. दोन्हीकडे त्याच खात्याला ‘चेंज’ किंवा ‘मॉडिफाय’ द्या. ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन मोकळं होऊ नका. मग कुठल्याही खात्यावरून चुकून दाबलेल्या एका डिलीटने वर्षाची वही जाऊ शकते.

वीसपेक्षा जास्त जोडण्या झाल्या तरी विंडोज १० आणि ११ नव्याला आत घेत नाही, ती तिची ठरलेली मर्यादा आहे. आपल्याकडच्या दुकानांत इतकी मशीन क्वचित असतात.

८. जुना बॉक्स, नवं विंडोज

हा भाग अवघड आहे आणि इथेच सगळ्यात धोकादायक सल्ले फिरतात.

एसएमबी मूळचा १९८० च्या दशकातला, आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केलेला. पुढे मायक्रोसॉफ्टने तो वाढवला. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी तोच प्रोटोकॉल दुसऱ्या सिस्टिम्सना बोलता यावा म्हणून सांबा हे सॉफ्टवेअर लिहिलं, आणि आज बाजारातल्या बहुतेक नेटवर्क स्टोरेज बॉक्समध्ये लिनक्सवर सांबाच चालतं. म्हणजे तुमचा बॉक्स आणि तुमचं विंडोज एकच भाषा बोलतात, पण वेगवेगळ्या पिढीची. दहा-बारा वर्षांपूर्वीचे काही बॉक्स आणि राउटरच्या यूएसबीला लावलेल्या डिस्क फक्त एसएमबी १ जाणतात.

इंटरनेटवर लगेच उपाय मिळतो: ‘विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ चालू करा.’ करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फायली अडकवून पैसे मागणारं घातक सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते याच आवृत्तीतल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण ती ज्यांनी टाकली नव्हती त्यांच्या मशीनमध्ये ते कुणी काही न दाबता शिरलं. एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर आपोआप. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं कामकाज त्यात कोलमडलं. तुमच्या दुकानातली सगळी मशीन एकाच स्विचवर आहेत हे लक्षात घ्या.

विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीने आणखी दोन गोष्टी बदलल्या. प्रो आवृत्तीत आता प्रत्येक एसएमबी जोडणीवर सही (निरोप वाटेत बदलला नाही याची खूण) लागते आणि पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ म्हणून आत जाणं बंद झालंय. या दोन्हींचं नातं आहे: सहीची किल्ली पासवर्डावरून बनते, आणि पाहुण्याला पासवर्डच नसतो. म्हणून नवं मशीन आणलं की ‘कालपर्यंत उघडत होतं’ असा बॉक्स आज दाद देत नाही. बॉक्सच्या सेटिंगमध्ये नाव-पासवर्डाचं खातं उघडा, त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि एसएमबी २ किंवा ३ चा पर्याय असेल तर तो निवडा. पर्यायच नसेल तर त्या बॉक्सचं आयुष्य संपलंय. त्यातला डेटा काढून घ्या आणि नवा आणा. विंडोजचं संरक्षण उतरवून जुना बॉक्स जगवायला मी कुणालाही मदत करत नाही, ओळखीच्या मालकांनाही नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

फायलींची नावं विचित्र झाली, शेवटी अनोळखी अक्षरं लागली किंवा पैसे मागणारी चिठ्ठी दिसली, तर आधी सगळ्या मशीनच्या नेटवर्क केबल काढा आणि वाय-फाय बंद करा. काही डिलीट करू नका, फॉरमॅट करू नका, बॅकअपची डिस्क उत्साहाने जोडू नका. जोडलीत तर तीही जाईल.

मुख्य मशीनच्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा त्याच मशीनवर बसून फोल्डर उघडायला मिनिटं लागत असतील, तर हा नेटवर्कचा दोष नाही. मशीन बंद करा. प्रत्येक रीस्टार्टमध्ये डेटा परत मिळायची शक्यता कमी होते.

हिशेबाचं सॉफ्टवेअर डेटा खराब आहे म्हणत असेल तर ‘दुरुस्त करा’चं बटण दाबण्यापूर्वी अख्ख्या फोल्डरची प्रत काढून बाजूला ठेवा. प्रत निघत नसेल तर हात लावू नका.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन, मग मी. अर्थिंग तपासल्याशिवाय केबल काढू-घालू नका. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून गेलेली तांब्याची केबल असेल आणि वळवाच्या कडकडाटानंतर स्विचची पोर्टं जळत असतील, तर तिथे फायबर टाकून घ्यायला सांगा. स्विच बदलत बसलात तर पुढच्या वळवात पुन्हा जळेल.

घरून काम करता यावं म्हणून राउटरमध्ये ४४५ पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून द्यायला कुणी सांगितलं, तर नाही म्हणा. घरून फायली हव्या असतील तर व्हीपीएन (बाहेरून दुकानाच्या जाळ्यात यायची सुरक्षित वाट) बसवून घ्या, आणि ते काम जाणकाराकडूनच.

फोन करण्यापूर्वी एवढं हाताशी ठेवा: स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो, दोन्ही मशीनचे पत्ते, पत्त्याने उघडतंय की नाही, आणि गेल्या आठवड्यात काय बदललं ते. राउटर, अँटीव्हायरस, पासवर्ड, नवं मशीन, रंगकामासाठी हलवलेलं टेबल, काहीही. माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांनी हे कार्डबोर्डावर लिहून स्विचशेजारी अडकवलंय. त्यांच्याकडचं काम मी आता बहुतेक वेळा फोनवरच उरकतो.